खाली गुंता, वर चूक

बेबीमावशी पहिल्यांदा आमच्या घरी आली ती शिलाई मशीन दुरुस्त करायला. पण तिने मशीनला बोटही लावलं नाही. भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभी राहिली आणि मला म्हणाली, "सगला दोरा काढ. आता पयल्यापासनं ओव. मी बगतंय."

मला राग आला. मी दुरुस्तीला माणूस बोलावला होता, परीक्षेला नव्हे. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. जन्मभर फायली बांधल्या, आता कापड शिवू, अशा हौसेने मी एक पांढरंशुभ्र, विजेवर चालणारं मशीन घेतलं होतं आणि ते चार दिवस माझा छळ करत होतं. वरून टीप झकास, कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं. मोबाइलवर दहा व्हिडिओ पाहिले. दोऱ्याचा ताण कमी-जास्त करायचं आकड्यांचं बटण तीनवर होतं, ते पाचवर नेलं, सातवर नेलं, नऊवर नेलं. नऊच्या पुढे आकडाच नव्हता. शेवटी बाजारातल्या रिळं-बटणं विकणाऱ्या दुकानदाराने कागदाच्या कपट्यावर एक नंबर दिला आणि म्हणाला, "बेबीमावशीला बोलवा." बेबी म्हटल्यावर मी कोणी तरुण मुलगी धरून चालले होते. दारात उभी राहिली ती सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांची ठेंगणी बाई, कपाळावर हिरवं गोंदण, खांद्याला कापडी पिशवी.

मी मुकाट्याने ओवायला घेतलं. दोरा निम्म्यावर आला तशी ती म्हणाली, "थांब. सुईपाशी कापड दाबनारा पाय हाय ना, तो वर हाय का खाली?"

"खाली."

"मंग दार लावलेलं हाय. लावलेल्या दारातनं दोरा आत कसा जाईल, बाय?"

तो पाय खाली असला की ताण देणाऱ्या दोन चकत्या एकमेकींना चिकटून बसतात आणि दोरा त्यांच्यामध्ये न जाता वरच्यावर लोंबत राहतो, हे मला साठाव्या वर्षी कळलं. मी पाय उचलला, दोरा पुन्हा ओवला, बटण तीनवर आणलं. टीप दोन्ही बाजूंनी सुरेख आली. मावशीने पिशवी उघडलीसुद्धा नाही. चहा प्यायली, बशीतली दोन बिस्किटं खाल्ली आणि जाताना सांगून गेली, "खाली गुंता दिसला तर चूक वर शोध. सगल्या बायका खालीच शोधत बसतात."

हे वाक्य ती सगळीकडे वापरायची. आमच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली तेव्हा मी दोन प्लंबर आणून माझेच नळ बदलून घेतले होते. ती मान वर करून म्हणाली, "वरच्या बाईला इचार." वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या वॉशिंग मशीनची नळी फुटली होती. त्यांनी मला कधी माफ केलं नाही, कारण मी थेट जाऊन त्यांना हे वाक्यच ऐकवलं.

सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायचे. 'मावशी, तुम्ही बसा' म्हटलं की ती मागे वळून बघायची, आणखी कोणी आलंय की काय म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मी 'ए मावशी'वर आले आणि मग आमचं जमलं.

तिची पिशवी बघण्यासारखी होती. दोन पेचकस, लहान बाळाचा दात घासायचा ब्रश, तेलाची चिमुकली बाटली, सुयांची पाकिटं आणि वर्तमानपत्राच्या घडीत कोंबडीची पिसं. मशीनच्या पोटात, खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ म्हणजे बॉबिन बसते तिथे, दोऱ्याची जी लव साठते ती काढायला पिसासारखं दुसरं काही नाही, असं तिचं मत. तेही गावठी कोंबडीचं पाहिजे. ब्रॉयलरचं पीस "सादलेल्या पापडासारखं" असतं म्हणायची. लव काढून झाली की ती कागदावर घेऊन मालकिणीला दाखवायची. दाखवताना काही बोलायची नाही, पण आपण आंघोळ न करता बसलो आहोत असं मला दर वेळी वाटायचं.

आणि नेलपॉलिश. लालभडक, स्वस्तातलं. बॉबिन ज्या डबीत बसते त्या डबीला एक बारीकसा स्क्रू असतो. त्याने खालच्या दोऱ्याचा ताण ठरतो. मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मशीनचा तो स्क्रू एकदा नीट लावून द्यायची आणि मग त्याच्यावर अर्धा आणि डबीवर अर्धा असा नेलपॉलिशचा एक ठिपका ठेवायची. "याला हात लावायचा नाय. वरचं बटन फिरव काय फिरवायचं ते. हा एकदा बसला का बसला." कोणी स्क्रू फिरवला की ठिपक्याची दोन अर्धुकं सरकणार आणि चोरी उघडी पडणार.

माझे हात स्वस्थ बसत नाहीत. फिरवू नको म्हटलेलं फिरवून बघायचं ही माझी लहानपणची खोड आहे. एकदा जाड परकर शिवताना वाटलं, पाव फेरा फिरवून बघू. पावाचा अर्धा झाला, अर्ध्याचा एक झाला, आणि सगळा बट्ट्याबोळ झाला. मग मी शहाणपणा केला. जुना ठिपका नखाने खरवडला आणि माझ्या भाचीच्या नेलपॉलिशचा नवा लावला. मावशी आली, डबी तळहातावर घेतली, खिडकीपाशी नेली. बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो डालिंबी हाय," ती म्हणाली. "माझा लाल असतो."

मग तिने स्क्रू लावला, आपला ठिपका दिला, तो वाळेपर्यंत फुंकर मारत बसली आणि म्हणाली, "तुज्या ऑफिसात तुला कुलपाच्या चाव्या देत व्हते का गं?" घरी कोणीही पाहुणे असले की पुढे दोन वर्षं ती ही गोष्ट काढायची आणि मी चहा टाकायला आत जायचे.

ती राहायची आमच्या पनवेलजवळच्या कोन गावात. मुलाचं तीन मजली घर, जिन्याला संगमरवर, फाटकाबाहेर दोन ट्रेलर उभे. मुलगा मंगेश. त्याचे ट्रेलर न्हावा शेवाच्या बंदरात कंटेनर ओढायचे. सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्या, त्यांचे पैसे आले, त्यातून गाड्या आल्या. या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांची हीच कथा. त्याआधीची कथा मात्र मावशीची होती. नवरा लवकर गेला तेव्हा मंगेश चौथीत होता. ती एका कपड्यांच्या कारखान्यात टिपा मारायची. मशीन अडलं की मेकॅनिक दुपारपर्यंत यायचा नाही, तोवर बाईचं काम बंद. ती त्याच्या मागे उभी राहून बघत गेली आणि एक दिवस त्याच्या आधीच मशीन चालू करून बसली. कारखाना बंद पडला तशी ही पिशवी खांद्याला आली. मंगेश याच पिशवीवर मोठा झाला.

हे मंगेशला ठाऊक होतं. तो आईवर जीव टाकायचा, पण त्या पिशवीची त्याला लाज वाटायची. लग्नात, हळदीत माणसं विचारायची, तुझी आई अजून मशिनी दुरुस्त करत फिरते काय रे? त्याने त्यावर उपाय म्हणून तिला एक महागडं मशीन आणून दिलं, पडदाबिडदा असलेलं, ताण आपोआप ठरवणारं. आईने घरात बसून काय हवं ते शिवावं. मावशीने दोन दिवस ते निरखलं. मला म्हणाली, "हिला काय लागतच नाय. सगला सोताच करते. मी काय करू, हार घालू?" पुढे त्या मशीनवर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागले.

तिला घरं हवी होती. अडलेली मशिनी आणि वैतागलेल्या बायका हव्या होत्या. शेअर रिक्षाने कळंबोली, कामोठे, खांदा कॉलनी, पार उरणपर्यंत जायची. "घरात बसून माझा काय व्हईल," ती म्हणायची, "गंज धरल." हे ती हसत सांगायची, पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. तिला खरंच दुसऱ्या कशाचं भय नव्हतं.

गणपतीच्या आधीची दुपार होती. आभाळ भरलेलं, घरात उजेड कमी. माझं मशीन पुन्हा खाली गुंते करायला लागलं होतं आणि मला पडदे संपवायचे होते. मावशी आली. नेहमीप्रमाणे माझ्याकडून पुन्हा ओवून घेतलं. ओवता ओवता माझा फोन वाजत होता. "वर-खाली व्हते त्या दांडीच्या भोकातनं घेतलास?" तिने विचारलं. मी फोनकडे बघत 'हो' म्हटलं. तिने वाकून बघितलं, मान हलवली.

टीप मारली, खाली जाळं. सुई बदलली, जाळं. पीस फिरवून लव काढली, रीळ बदललं, कापड बदललं. अर्धा तास गेला, तास गेला. मग तिने पिशवीतून लहान पेचकस काढला, डबी हातात घेतली आणि आपलाच ठिपका मोडून स्क्रू फिरवला. एक फेरा, दीड फेरा. मी तिला हे करताना कधी पाहिलं नव्हतं.

तरीही जाळंच आलं. ती मागे सरकून बसली. मी दिवा लावायला उठले आणि तेव्हा मला दिसलं: पांढऱ्या मशीनवर पांढरा दोरा, दांडीच्या भोकात न जाता शेजारून सरळ खाली उतरलेला. माझा तो 'हो' खोटा होता. क्षणभर वाटलं, गुपचूप घालून टाकावा. पण गुपचूप घातला असता तर तिला वाटलं असतं की स्क्रूनेच काम झालं. मी म्हटलं, "मावशी, दांडीत राहिलाय गं. माझी चूक."

तिने बोटाने चाचपलं. दोरा कुठून जातोय ते बोटाला कळलं.

"तुजी चूक व्हयाचीच," ती म्हणाली. "म्हनून तर मी बगायला उभी ऱ्हातंय. मना दिसला नाय."

मग कळलं की वर्षभर तिला धूसर दिसत होतं. मोतीबिंदू. बोटांवर आणि कानांवर तिने वर्ष काढलं होतं. तिने स्क्रू परत लावायचा प्रयत्न केला नाही. "आज नको. चुकंल," म्हणाली. जाताना जिन्यात मी तिचा हात धरला तर तिने तो सोडवून घेतला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

मंगेशला अर्थातच कळलं. त्याने पिशवी माळ्यावर ठेवली. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, सकाळी या, संध्याकाळी घरी जा. तरी ते होईना. आधी मंगेशच्या मुलीची हळद, मग लग्न, मग ट्रेलरचं पासिंग. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी फोन करायचे तर मावशी म्हणायची, "बसलंय." एवढंच. विचारपूस करायला आपण फोन करावा आणि पलीकडच्या माणसाने आपल्याला धीर द्यावा, अशी बाई होती ती. तिच्या तोंडचा तो एक शब्द मला सहन होत नव्हता.

एकदा मंगेश मला बाजारात भेटला. मी विचारलंच, ऑपरेशन कधी? तो खाली बघून म्हणाला, "मॅडम, तुमाला खोटं सांगत नाय. पैशाचा सवाल नाय. पन डोले आले का ती परत पिशवी घेऊन निघंल. शंभर-दोनशे रुपयांसाटी लोकांचे जिने चढंल. मना ते बगवत नाय."

"म्हणून तिला दिसूच नये?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, शेजारचा भाजीवाला बघायला लागला. मंगेशचा चेहरा पाहून मला वाटलं, ही गोष्ट त्याने स्वतःलाही आजवर इतक्या उघड शब्दांत सांगितली नसावी.

आठवड्याने मी कोनला गेले. मावशी पुढच्या खोलीत सोफ्यावर बसली होती, नवीकोरी साडी, हातात पाटल्या, टीव्ही चालू. आवाज कमी केलेला. मी काहीबाही बोलत होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. उरणजवळच्या द्रोणागिरीची एक बाई, मावशीचं जुनं गिऱ्हाईक. दुपारी शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा द्यायचा होता आणि टीप मधूनच आवळून कापडाला चुण्या पडत होत्या. "मी व्हिडिओ लावू का मावशी?" बाई विचारत होती.

"व्हिडिओचा काय करू? फोन मशीनजवल ठेव आनि चालव. थांबू नको."

मावशीने फोन स्पीकरवर टाकला. टीव्ही बंद करायची खूण केली. मशीनचा खडखडाट खोलीभर झाला. मावशी डोळे मिटून ऐकत होती, मान एका बाजूला. मला सगळा आवाज एकसारखाच वाटत होता. तेवढ्यात मंगेश जेवायला घरी आला आणि दारातच थांबला.

"बस," मावशी म्हणाली. "पाच-सात टाक्यांनी टक करतंय, ऐकलास? रीळ उडतंय. रिलाच्या कडेला खाच असते बग, दोरा अडकवायची. त्या खाचेत दोरा अडकतंय आनि सुटतंय. रीळ उपडं करून लाव, खाच खाली जाऊ दे."

पलीकडे थोडा वेळ खुडबूड, मग पुन्हा खडखडाट. या वेळी त्यात खंड नव्हता, हे मलासुद्धा कळलं. "मावशी, झालं," बाई म्हणाली. मावशी हसली. पाच महिन्यांत मी पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं. मग तिने त्या बाईला, रीळ आडवं लावतेस की उभं, स्वस्तातले दोरे कशाला घेतेस, असं यथेच्छ झापलं आणि फोन ठेवला.

मंगेश अजून दारातच होता. चपला काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. "माझा ट्रेलर फाटकातनं आत आला का मना आवाजावरनं कलतं, क्लच गेला का बेअरिंग," तो म्हणाला, बहुधा मला उद्देशून. "ड्रायवर इचारतात, शेट, तुमाला कसा कलतंय."

"कान मी दिलाय तुला," मावशी म्हणाली. तिने त्याच्याकडे तोंड वळवलं, पण त्याच्या थोडं डावीकडे. "आता मना डोला करून दे, मंगेश. मी काय कदी मागितला नाय."

तो जेवला नाही. गॅलरीत जाऊन त्याने फोन लावला, आणि तो डॉक्टरला होता.

दोन डोळे, दोन महिने. माझं मशीन तोवर तसंच पडलं होतं, दीड फेरा फिरलेलं. मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, आणि स्वतःही लावला नाही. माझ्या स्वभावाला हे किती कठीण गेलं ते मलाच माहीत. मी पनवेल सोडून नाशिकला लेकीजवळ जायचं ठरवलं होतं. सामान बांधायला काढलं होतं. अशा एका सकाळी घंटा वाजली. दारात मावशी, आणि तिच्या मागे मंगेश, खांद्याला ती कापडी पिशवी अडकवून. पांढरा कडक शर्ट, मनगटात सोन्याचं कडं आणि खांद्याला पिशवी.

मावशीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू एवरी म्हातारी हायेस?" ती म्हणाली. "मना वाटला पन्नाशीची असशील." मग घरभर नजर फिरवली. "आनि ही धूल. आमी चहा प्यायचो ते याच घरात काय?"

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि ती दोन्हीकडे लक्ष न देता मशीनपाशी जाऊन बसली. डबी काढली. बॉबिनचा दोरा बोटात धरून डबी खाली लोंबती सोडली, हलकासा हिसका दिला. ती सरसर उतरत गेली. स्क्रू थोडा आवळला. हिसका. डबी वीतभर उतरली आणि थांबली. "ओव," ती मला म्हणाली, आणि मी ओवायला लागले तशी उठून भिंतीला न टेकता अगदी माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिली. दांडीपाशी आल्यावर मी थांबले. "बगतंय मी. जा पुढं," ती म्हणाली.

टीप मारून तिने कापड मंगेशच्या हातात दिलं. "वरची बाजू कुठली, सांग." तो खिडकीपाशी गेला. उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं. बराच वेळ. "कलत नाय, आई," तो म्हणाला आणि ते कापड त्याने आपल्या खिशात ठेवलं.

चहा झाला. मावशीला दोन फोन येऊन गेले, दोन्ही खांदा कॉलनीतून. एकीच्या मशीनचा वरचा दोरा तुटत होता, दुसरीचं आवळत होतं. "आज लेकासंगं आलंय," ती त्यांना म्हणाली, "बगू कदी जमतंय." मंगेश पेला खाली ठेवून ऐकत होता. ती जिना उतरताना मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. मी गॅलरीत येऊन उभी राहिले. मंगेशने गाडीचं पुढचं दार उघडून तिला बसवलं, पिशवी तिच्या मांडीवर दिली, आणि वाकून काहीतरी विचारलं. तिने बोटाने दाखवलं. गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडली. तिथून कोनला जायचं तर डावीकडे वळावं लागतं. ती उजवीकडे वळली, खांदा कॉलनीच्या दिशेने.